अकरा मिनिटं

उद्यमनगरात, जिथं आता बऱ्याच शेडना कुलपं
नाहीतर कुरिअरवाल्यांच्या पाट्या,
आप्पांनी बेचाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले.
पंचधारा इंजिन, पाच हॉर्सपॉवर.
कंपनी बंद पडली, पॅटर्न बंबात गेले,
राहिल्या वह्या: मापं, त्रिज्या,
आणि कडेला शिसपेन्सिलीनं एखादी शिवी.

त्या वह्या मी साइटवर चढवल्या.
साधी साइट. मागं डेटाबेस नाही, लॉगिन नाही,
एकेक पान आधीच ओतून, गार करून ठेवलेलं,
मागेल त्याला तसंच्या तसं द्यायचं.
आप्पांना लगेच पटलं.
"म्हंजे कास्टिंगच की."

महिन्याभरानं, भाकरी मोडता मोडता:
"कोण बघतंय का गं ते?"

त्या रात्री प्लगिन घातलं.
सेटिंगच्या फाइलीत चार ओळी, एक लांबलचक नंबर,
एक स्वल्पविराम विसरला त्यात पाऊण तास.
मग सगळी साइट पुन्हा बांधली,
एकशे बारा पानं,
आणि प्रत्येकाच्या माथ्यावर, दिसणार नाही असा,
एक मोजणारा बसला.

सकाळी आकडा: एक्केचाळीस.
आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला बोट लावलं.
मी म्हटलं, थांबा.
यात तेवीस वेळा मीच आहे,
नीट बसलंय का बघत होते.
चौदा नुसती यंत्रं आहेत, जगभर फिरून दारं ढकलणारी.
आणि काहीजण मोजणाऱ्याला चुकवून जातात,
ते यात नाहीतच.

आप्पा आत गेले, पितळी पट्टी घेऊन आले,
पॅटर्नवाल्याची, जिच्यावरचा इंच
खऱ्या इंचाहून केसभर मोठा,
कारण लोखंड गार होताना आटतं.
"तुझ्या आकड्याला आट लई धराय लागती," म्हणाले.
"ऱ्हायली चार.
चार म्हंजे माणसं."

त्या चारांतलं एक
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, मोबाइलवरून,
थेट पान सतरा: रॉकर आर्म.
थांबलं अकरा मिनिटं.
गाव गडहिंग्लज दाखवत होतं,
पण ते टॉवरचं गाव, माणसाचं नव्हे.
दुसऱ्या रात्री परत. तेच पान.

"नाव?"
येत नाही, आप्पा.
उलट इथं एक सेटिंग आहे,
पत्त्याचे शेवटचे आकडे पुसायचे का, म्हणून विचारतंय.
त्यांनी क्षणभरही घेतला नाही.
"पूस. गिऱ्हाईक दारात आलं की
गाव-जात इचारायची न्हाई.
काय मोडलंय ते इचारायचं."

मी पुसलं. गडहिंग्लज गेलं,
नुसतं महाराष्ट्र उरलं.

पान सतराच्या तळाला आप्पांचा फोन नंबर टाकला.
फोन आले: विम्याचा एक,
प्लॉट घ्या म्हणणारा एक,
आणि कणेरीच्या मावशीचा, तिला साइट माहीतच नाही.
पाहुणा मात्र येत राहिला, आडवारानं,
दोनच्या सुमाराला,
कधी नऊ मिनिटं, कधी चौदा.

गुरुवारी दुपारी मागच्या पडवीत कानशीचा आवाज.
जुन्या चौकटीचं सागवान,
आप्पांच्या मांडीवर भुसा,
तोंडात पेन्सिल असल्यानं शब्द अर्धेच.
कुणासाठी हे?
"मोडक्या भागाकडं अकरा मिनटं
कोण उगंच बघत बसत न्हाई."
पण तो आलाच नाही तर?
"मग ऱ्हाईल. लाकूड काय मागतंय?"

शनिवारी पॅटर्न झाला. पॉलिश पेपर, लाल रंग.
टीव्हीवर ठेवलाय, रिमोटशेजारी.
त्याचा फोटो काढून पान सतरावर लावला,
खाली दोन शब्द: तयार आहे.

रात्री दोनला जाग आली.
फोन उशाशीच होता.
साइट उघडली नाही.
उगीच एक वाढायला नको.